बुल्वे दिसला, जाळं रिकामं

किरेगा बंदर,
६ जून

काका,

टोपी काढून नमस्कार करतो.

तुमचे कान गेल्यापासून फोनवरचं आपलं बोलणं म्हणजे मी "तब्येत कशी आहे?" विचारायचं आणि तुम्ही "कोण गेलं?" म्हणून ओरडायचं. शेजाऱ्यांना वाटतं घरात मयत झालं. म्हणून वास्वाच्या बोटीबरोबर हे पत्र देतो. दर आठवड्याला त्याची बोट तुमच्या बेटाला लागते. उत्तर त्याच्याच हातात द्या.

घरी सगळं ठीक. पेर्पेतुआचा गुडघा आता दुखत नाही, शहीद संतांच्या सणाला ती चर्चपर्यंत पायी आली आणि सगळ्या वाटेवर माझ्यापुढे चालली. केळीला यंदा घड चांगले धरलेत.

एक गोष्ट मात्र माझ्याच हातून तुम्हाला कळावी. वास्वा सांगेल ती तिखटमीठ लावूनच सांगेल. दोन वर्षांपूर्वी मी जाळं विकलं, आजवर सांगायचा धीर झाला नाही. होडीला नवीन फळ्या बसवल्या आणि गावच्या मंडळात नाव घातलं. अठरा होड्या आहेत मंडळात. परदेशातून, आपल्या राजधानीतूनही, माणसं येतात. त्यांना आम्ही पहाटे लव्हाळ्यांतल्या वाटांनी आत नेतो आणि पक्षी दाखवतो. दुपारी ती आपल्या अंगणात बसतात, पेर्पेतुआकडून चटई विणायला शिकतात, केळीच्या पानात वाफवलेली मटोक्याची हिरवी केळी शेंगदाण्याच्या कालवणाबरोबर खातात. पेर्पेतुआचा भाऊ सिल्वेस्टर आमचा चेअरमन आहे. येणाऱ्या पैशातून शाळेचं छप्पर झालं, आता विहिरीचं चाललंय.

कोणता पक्षी ते तुम्ही ओळखलं असेलच. बुल्वे. तोच, राखाडी, पाचवीतल्या पोराएवढा उंच, खडावेसारखी चोच असलेला.

बंदरावरची मंडळी मला चिडवतात. "मांबा माशाच्या कुळाचा माणूस मांबा खाणाऱ्याच्या दारात पाहुणे घेऊन जातो!" म्हणतात. मी हसतो. पण तुमचा आशीर्वाद नसला तर हसू पुरं येत नाही.

तुमचा पुतण्या,
ब्लासिओ


बुवांगा बेट,
२० जून

ब्लासिओ,

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं चष्मा बिघडलाय.

जाळं विकलंस? तुझ्या बापाच्या हाताच्या गाठी होत्या त्यात. आणि विकून काय केलंस, तर अख्ख्या तळ्यातल्या सगळ्यांत अपशकुनी पाखराची हमाली पत्करलीस! "बुल्वे दिसला, जाळं रिकामं." हे तुझ्या पणजोबाने सांगितलं, आजोबाने सांगितलं, आणि मी तर वीस वर्षांपूर्वी सगळ्या बंदरासमोर भोगलं. सलग तीन दिवस तो माझ्या वाटेत उभा राहिला आणि सलग तीन दिवस मी शेपटीएवढा मासा न आणता परत आलो. तेव्हा मी गाव सोडलं. तू तेव्हा चांगला जाणता होतास. विसरलास?

आणि कुळाचं काय? मांबा मासा आपण खात नाही, धरला तर सोडतो, मेलेला दिसला तर त्याच्यावर नजर टाकत नाही. तो आपला भाऊ. तुझा पक्षी तोच भाऊ रोज नाश्त्याला खातो. आणि तू पाहुण्यांना सांगतोस, "या, बसा, बघा कसा खातो ते!"

प्रभूने तळ्याकाठी हाक मारली ती कोळ्यांना मारली, पाखरं दाखवणाऱ्यांना नाही. तू रोज जपमाळ ओढणारा माणूस, एवढं तुला कळू नये?

आशीर्वाद पेर्पेतुआच्या गुडघ्याला देतो. तुला नंतर बघू.

काका
झकारिया लुबेगा


किरेगा बंदर,
९ जुलै

काका,

नमस्कार.

तुम्हाला आनंद होईल अशी बातमी आहे, म्हणून लिहायला हात उचलत नव्हता.

गेल्या मंगळवारी माझ्या होडीत एक म्हातारं जोडपं होतं. गृहस्थाने चाळीस वर्षं टपाल वाटलं होतं. बाईंच्या गळ्यात दुर्बीण, आणि पायात लोकरीचे मोजे, आपल्या उन्हात! हा पक्षी एकदा बघायचा असं त्यांनी लग्नात ठरवलं होतं म्हणे. सिल्वेस्टर इंग्रजी बोलायला बरोबर होता.

सहाला निघालो. दहाच्या सुमाराला आतल्या वाटेत बुल्वे दिसला. मी वल्हं थांबवलं. तो उभा होता तसाच उभा. काका, त्याला बघताना मला नेहमी वाटतं, प्रार्थना अशी करावी. पाय चिखलात, मान खाली, आणि मागणं काही नाही. दीड तास आम्ही बसलो. होडीत कुणी खोकलंसुद्धा नाही.

मग तो एकदम पंख पसरून पाण्यावर कोसळला आणि उठला तेव्हा चोचीत मांबा होता. हातभर लांब. माशाचे ते दोरीसारखे पर पायांसारखे हवेत हलत होते. आणि माझ्या हाताने वल्हं पाण्यावर आपटलं. मी आपटलं असं मला लिहवत नाही, पण दुसरं कोण होतं तिथे? एवढ्यावर थांबलो नाही. "सोड त्याला! आमचा आहे तो!" असं ओरडलो.

त्याने सोडला. मासा पाण्यात गेला, पक्षी आभाळात गेला. म्हातारबाई नेमक्या त्या घटकेला चष्मा पुसत होत्या. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला तेव्हा समोर लव्हाळी तेवढी हलत होती.

सिल्वेस्टर मागे वळला. "दाजी, हे काय केलंत?"

"माझा हात..."

"हात कुणाचा आहे? मंडळाचा की मांबाचा?"

मंडळाचा नियम मीच वाचून दाखवला होता: पक्ष्याला उठवील त्याचं वल्हं काढून घ्यायचं. माझं वल्हं आता मंडळाच्या छपरीत खुंटीला लटकतंय. पाहुण्यांनी रागाचा एक शब्द काढला नाही. फक्त वहीत लिहून गेले, "नावाडी फार दयाळू आहे, पण माशावर." सिल्वेस्टरने ते मोठ्याने वाचलं. सगळे हसले. मीही हसलो, आणि मग घराच्या मागे जाऊन बराच वेळ उभा राहिलो.

पंधरा ऑगस्टला, मातेच्या सणाच्या चर्चमधल्या मिस्सानंतर सगळ्या मंडळाची बैठक आहे. मला होडीवर ठेवायचं की कायमचं काढायचं ते तिथे ठरेल. सिल्वेस्टर खाजगीत म्हणाला, "दाजी, पुन्हा होणार नाही अशी चार माणसांत शपथ घ्या. बाकी मी मिटवतो." मी घेऊ शकलो नाही. ज्या हाताची मला खात्री नाही त्याची हमी देवापुढे कशी भरू?

तोवर मला अंगणातलं काम दिलंय. पाहुण्यांना मटोके सोलायला शिकवायचं. पेर्पेतुआ म्हणते, "तुमच्यापेक्षा पाहुणेच बरे सोलतात."

ब्लासिओ


बुवांगा बेट,
१६ जुलै

ब्लासिओ! माझ्या लेका!

शाब्बास! कोण म्हणतं रक्त पातळ झालं? पत्र मी इथल्या सगळ्या कोळ्यांना वाचून दाखवलं. "सोड त्याला, आमचा आहे तो" इथे आलो तेव्हा म्हातारा किगोझी टाळ्या वाजवायला लागला. (मला ऐकू आलं नाही, पण हात दिसले.) भाजलेली केळी आणून दिली त्याने. तुझ्या बापाच्या आत्म्याला शांती मिळाली असेल.

शपथ घेतली नाहीस हे सोळा आणे बरोबर केलंस. काढतात तर काढू देत! सामान बांध आणि इकडे ये. माझ्याकडे दोन जाळी आहेत, एक तुझं. पेर्पेतुआलाही आण, मटोके इथेही सोलायचेच असतात.

तुझा तो मेहुणा पहिल्यापासूनच शिष्ट. लग्नात कोंबडीचा चांगला तुकडा त्यानेच उचलला होता.

काका


किरेगा बंदर,
२२ जुलै

काका,

तुमचं पत्र पेर्पेतुआने वाचलं आणि हसून हसून खाली बसली. मला हसू आलं नाही. माफ करा, पण तुम्ही माझं पत्र उलटं वाचलंत.

मी काही पराक्रम केला नाही. रोज संध्याकाळी जपमाळ झाली की मी मंडळाच्या छपरीवरून चक्कर मारतो. वल्हं खुंटीला आहे. मुठीजवळ माझ्या अंगठ्याने पडलेला खळगा आहे, तिथे आता धूळ बसलीय. मला बेटावर यायचं नाही, काका. मला दुसरं जाळं नको. मला ते वल्हं हवं.

जाळं टाकत होतो तेव्हा तीस वर्षं मी त्याच पाण्यावर होतो, पण मान नेहमी खाली. वर काय चाललंय ते मी या दोन वर्षांत पाहिलं. किंगफिशर आपल्या पिल्लाला मासा आपटून कसा मऊ करून देतो. सुगरण आपलंच घरटं पसंत नाही म्हणून उसवून टाकते. पाहुण्यांना दाखवता दाखवता मलाच दाखवलं गेलं. मिस्सात मी जे म्हणतो ते मला त्या पाण्यावर खरं वाटतं. एवढं माझं त्या वल्ह्याला लटकलंय.

म्हणून आता पुतण्या म्हणून नाही, कुळातला माणूस म्हणून विचारतो. तुम्ही आपल्यातले सगळ्यांत ज्येष्ठ. बुल्वे मांबा धरतो तेव्हा मी काय करावं? बघत बसलो तर भावाला दगा दिल्यासारखं वाटतं. वल्हं आपटलं तर बुल्वे उपाशी जातो, आणि तोही कुणाचा तरी बाप आहे. त्या वाटेत त्याचं घरटं आहे. हे मला सोडवता येत नाही. तुम्ही सोडवलंत तर मी पंधरा तारखेला उभा राहून खरं बोलू शकेन. नाही सोडवलंत तर मी स्वतःच नाव काढून घेईन.

अजून एक विचारतो, रागवू नका. आमच्या बंदरावर तुमच्याएवढा निडर माणूस मी पाहिला नाही. वादळात तुम्ही एकटे तळं ओलांडून आलात. मग तीन दिवस एक पक्षी दिसला म्हणून तुम्ही गाव सोडलंत, हे मला अजून पटत नाही.

ब्लासिओ


बुवांगा बेट,
५ ऑगस्ट

ब्लासिओ,

मागच्या आठवड्यात वास्वा रिकाम्या हाताने आला त्याचा दोष त्याला देऊ नकोस. पत्र लिहिलं होतं. फाडलं. परत लिहिलं, ते चुलीत घातलं. हे तिसरं आहे. कागद संपलाय, म्हणून हे पाठवावंच लागेल.

आधी सोपं सांगतो, कुळाचं.

मांबा आपण खात नाही. आपण. बरोबर? तुझ्या बायकोचं कुळ नाकतोड्यांचं. सिल्वेस्टर नाकतोडा तोंडात घालत नाही. आणि नोव्हेंबरात पिशव्या भरून नाकतोडे येतात तेव्हा तू काय करतोस? कांदा घालून तळतोस आणि ओट्यावर बसून खातोस, मेहुणा समोर असताना! मी पाहिलंय तुला बोटं चाटताना. त्याने कधी तुझी कढई उलटी केली? "सोडा त्यांना, आमचे आहेत ते" म्हणून ओरडला? नाही. खुर्ची जरा बाजूला सरकवून बसतो. कारण त्याला ठाऊक आहे, नियम त्याच्या तोंडाचा आहे, तुझ्या तोंडाचा नाही.

बुल्वे मांबा कुळातला नाही. त्याला कुणी सांगितलेलं नाही. ज्याने मांबा केला त्यानेच बुल्वे केला आणि चोचही त्यानेच दिली. तू तुझं तोंड सांभाळ, चोच सांभाळणारा वर आहे. हा माझा निवाडा. कुळातला ज्येष्ठ म्हणून लिहून देतो, खाली सही आहे.

आता अवघड.

ते तीन दिवस. पहिल्या दिवशी बुल्वे दिसला हे खरं. पण जाळं रिकामं आलं, कारण मी ते टाकलंच नाही. होडी थांबवली, म्हटलं हा अपशकुन जाईपर्यंत वाट बघू. तो गेला नाही. मी बघत राहिलो. त्याने माझ्याकडे पाहिलं, मान लववली, जशी आपण मोठ्या माणसापुढे लववतो. मीही लववली. मग ऊन डोक्यावर आलं. सकाळ कुठे गेली कळलं नाही.

घरी आलो. तुझा बाप धक्क्यावर उभा. "झकारिया, मासे कुठे?" आता सांग, चार पोरांचा बाप, अठ्ठावन्न वर्षांचा कोळी, काय सांगणार? पाखरू बघत बसलो? जन्मभर हसले असते. तोंडातून निघालं, "बुल्वे दिसला." लगेच सगळ्यांनी माना हलवल्या. कुणी पुढे विचारलं नाही. इतकं सोपं होतं ते.

दुसऱ्या दिवशी ठरवून गेलो. तिसऱ्या दिवशी भाकरी बांधून गेलो.

तेवढंच असतं तर मीही एव्हाना हसलो असतो. पण माझ्यामुळे जुनी म्हण खरी ठरली. चौथ्या दिवशी बंदरावरची पोरं काठ्या घेऊन आत गेली आणि घरटं मोडून आली. आत दोन अंडी होती. "काका, तुमचा अपशकुन संपवला," म्हणून मला सांगायला आली, हसत हसत. मी त्यांना शाबासकी दिली. दिली मी. महिन्याभरात गाव सोडलं. लोक म्हणाले, झकारिया बुल्वेला घाबरला. मी घाबरलो होतो ते खरं सांगायला.

आता तू लिहितोस तिथे परत घरटं आहे.

बारा तारखेच्या बोटीने येतोय. पेर्पेतुआला सांग, मटोके तिने सोलावेत.

झकारिया लुबेगा
मांबा कुळ


किरेगा बंदर,
२४ ऑगस्ट

काका,

नमस्कार. वारा फिरला म्हणून वास्वाने घाई केली आणि तुम्ही निघालात. निकाल तुम्ही गेल्यावर लिहिला गेला, आणि त्या दोन दिवसांत आजूबाजूला जे बोलणं झालं त्यातलं निम्मं तुम्हाला ऐकू आलं नाही. म्हणून सगळं लिहितो.

बैठकीत तुम्ही उभे राहून ती तीन दिवसांची गोष्ट सांगितलीत, घरट्यासकट, तेव्हा तुम्ही सगळा वेळ स्वतःच्या टोपीकडे बघत होतात. तुम्हाला वाटलं लोक गप्प बसलेत ते रागाने. तसं नव्हतं. मागे बसलेले तिघे, ज्यांनी तेव्हा काठ्या उचलल्या होत्या, त्यांना आता स्वतःची पोरं आहेत. त्यातला एक आमचा सगळ्यांत चांगला वाटाड्या आहे. त्याने डोळे पुसले आणि शेजाऱ्याला म्हणाला, "आजवर मला वाटत होतं ते माझ्या एकट्याच्या मानेवर आहे."

मग तुम्ही नाकतोड्यांचा दाखला दिलात, तेव्हा जो हशा झाला तो तुम्ही पाहिलातच. त्यात पेर्पेतुआ ओरडली, "दादा, खुर्ची सरकव!" आणि सिल्वेस्टरने खरंच सरकवली. लग्नातल्या कोंबडीचं तुम्ही काढायला नको होतं. पण तो म्हणाला, "काका, तुकडा मी उचलला हे मान्य, पण मला तो तुमच्याच भावाने वाढला होता."

शेवटी सिल्वेस्टर मला म्हणाला, "दाजी, निवाडा ऐकला. डोक्याला पटला. हाताला पटला का?" मी म्हटलं, "माहीत नाही. हात नेऊन बघावा लागेल." तेव्हा ठरलं की सकाळी मी वल्हं घ्यावं, तुम्ही पुढे बसावं, तो मध्ये बसेल, आणि काय होतं ते त्यानेच बघावं. तुम्हाला मी खुणेने एवढंच सांगितलं होतं की उद्या पक्षी बघायला जायचंय. परीक्षा आहे हे सांगितलं नव्हतं. ते माझं चुकलं.

आता होडीतलं. तुम्ही पुढे तोंड करून बसला होतात, मला फक्त तुमची पाठ दिसत होती. बुल्वे दिसला तेव्हा ती पाठ ताठ झाली. मग तुम्ही हळूच टोपी काढलीत आणि मान लववलीत. काका, त्याने परत लववली. मी खूप पाहुण्यांना ते करताना पाहिलंय, काहींना तो उत्तर देतो, काहींना नाही. सिल्वेस्टर माझ्या कानात म्हणाला, "वीस वर्षांनी ओळखलं की काय?" मी म्हटलं, "गप्प बस."

पाऊण तासाने तो कोसळला. उठला तेव्हा चोचीत मांबा. माझ्या हातात वल्हं होतं, आणि मी मनात मातेचं नाव घेतलं.

आणि तुमची काठी वर गेली!

ती माझ्या डोळ्यांसमोर वर गेली, काका, बाजूला झुकून नेम धरून. आदल्याच दिवशी सगळ्या मंडळाला निवाडा समजावणाऱ्या माणसाची! तुमच्या तोंडून "सोड..." एवढं आलंसुद्धा. मी वल्हं कधी खाली ठेवलं ते मला आठवत नाही. सिल्वेस्टरच्या डोक्यावरून ओणवा होऊन मी दोन्ही हातांनी तुमचं मनगट धरलं. होडी डोलली, सिल्वेस्टर अर्धा भिजला. पक्ष्याने एकदा आमच्याकडे पाहिलं, मासा नीट फिरवला आणि गिळला. मग उडून घरट्याकडे गेला. तिथे पिल्लू ओरडलं ते तुम्हाला ऐकू आलं नसेल. चोचीवर चोच आपटल्यासारखा आवाज होता, उचकी लागल्यासारखा.

तुम्ही मागे वळून माझ्याकडे पाहिलंत. मी अजून तुमचा हात धरून होतो. तेव्हा कुठे मला कळलं की माझ्या हातांनी काय केलं.

सिल्वेस्टर कपडे पिळत म्हणाला, "दाजी, हात पास. काका नापास."

वल्हं मला परत मिळालं. खळग्यातली धूळ पेर्पेतुआने पदराने पुसली. मंडळाच्या वहीत नवं कलम घातलंय, तुमच्या माहितीसाठी देतो: "बुल्वे मासा गिळेपर्यंत मांबा कुळाच्या नावाड्याने वल्हं होडीत आडवं ठेवून हात गुडघ्यांवर ठेवावेत. मांबा कुळातले वडीलधारे पुढे बसल्यास त्यांची काठी धक्क्यावर ठेवून घ्यावी."

टपालवाल्या गृहस्थांना सिल्वेस्टरने सगळं लिहून कळवलंय. पुढच्या जूनमध्ये ती दोघं परत येणार. बाईंनी कळवलंय, चष्मा घरूनच पुसून आणीन. तेव्हा तुम्हीही यावं. खोली रिकामी आहे, आणि मांबा कुळाची माणसं होडीत दोन असली तर एकमेकांचे हात धरता येतात.

ब्लासिओ


बुवांगा बेट,
१० सप्टेंबर

ब्लासिओ,

काठी माशी हाकलायला वर गेली होती. ते वहीत दुरुस्त करून घे. "सोड" मी माशीला म्हटलं.

मनगटावर तुझ्या बोटांचे वळ आठवडाभर होते. किगोझीने विचारलं कुणी मारलं. म्हटलं पुतण्याने. तो म्हणाला, का? तर त्याला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, पोरांच्या काठ्यांपर्यंत. एवढं सांगितल्यावर मला वाटलं तो उठून जाईल. तो म्हणाला, "मग खालच्या खडकाजवळ तो निळा पक्षी मासे आपटत असतो, तो पाहिलायस का तू?"

पाहिला नव्हता. काल सकाळी दोघे गेलो.

परत आलो तेव्हा धक्क्यावर सगळे उभे. होडीत शेपटीएवढासुद्धा मासा नाही. एकाने हाताने मोठ्ठी चोच करून दाखवली आणि भुवया उडवल्या: बुल्वे दिसला का?

या बेटावर बुल्वे नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण मी हो म्हटलं असतं तर त्यांनी माना हलवल्या असत्या. मी टोपी काढली आणि मोठ्याने सांगितलं, "नाही. जाळं टाकलंच नाही. किंगफिशर बघत बसलो होतो."

सगळे हसले. अगदी पोटं धरून हसत होते. मला ऐकू आलं नाही, पण दिसलं. छान दिसत होतं.

जूनला येतो. काठी घरीच ठेवीन.

काका